छत्रीखालचे गैरसमज

पावसाळ्यात शेंद्र्याच्या आमच्या हॉस्टेलमागे पांढऱ्या छत्र्या उगवल्या. दोन विषय बॅक लागल्यापासून गप्प असलेली रूममेट मूठभर घेऊन आली. म्हणाली, "मॅगीत टाकू. याने डिप्रेशन जातं म्हणे." मेसच्या मावशींनी ती भूछत्रं हातातून काढून फेकली. (मी कॉन्व्हेंटची, भूछत्र हा शब्दच तेव्हा कळला!)

मग लायब्ररीत बसून वाचलं.

गैरसमज पहिला : विषारी भूछत्राने चांदीचा चमचा काळा पडतो. चूक. चांदी काळी पडते ती गंधकाने, या विषाने नाही.

दुसरा : शिजवलं की विष जातं. काही अमॅनिटा भूछत्रांमधलं अमॅटॉक्सिन उकळूनही टिकतं. उलट्या बहुधा सहा तासांनंतरच सुरू होतात. मध्ये बरं वाटतं, पण आत यकृत निकामी होत असतं.

तिसरा : कुठलीही छत्री मनावर औषध. सायलोसायबिन हे द्रव्य काहीच जातींत असतं. आल्बर्ट हॉफमन यांनी १९५८ मध्ये ते वेगळं केलं. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, इतर औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यावरच्या त्याच्या उपचाराला 'ब्रेकथ्रू' दर्जा दिला. पण चाचण्यांत डोस मोजलेला असतो, थेरपिस्ट शेजारी असतो. आपल्याकडे एनडीपीएस कायद्यात (१९८५) ते मनःप्रभावी पदार्थांच्या यादीत आहे.

त्या रात्री आम्ही साधी मॅगी खाल्ली. ती तीन वाजेपर्यंत बोलत होती. मित्रांनो, मन जड झालं तर छत्री शोधू नका, शेजारच्या रूमचं दार वाजवा.