राऊटरचं स्टिकर वाचलंत का?

प्रश्न : घरी फायबरचं कनेक्शन दिवसरात्र चालू असतं. कॉम्प्युटरसाठी महागडा अँटिव्हायरस घ्यावा का?

उत्तर : ते राहू द्या; आधी राऊटर उलटा करून खालचं स्टिकर वाचा. लॉगिन आणि पासवर्ड दोन्ही ‘अ‍ॅडमिन’ असतील, तर पासवर्ड आजच बदला. वायफायचा पासवर्ड वेगळा, हा वेगळा. इथेच बहुतेकांची गल्लत होते. २०१६मध्ये ‘मिराई’ मालवेअरने असेच कंपनीने दिलेले पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे नि राऊटर ताब्यात घेतले, मालकांना पत्ताही नव्हता.

विंडोजचे अपडेट ढकलत बसू नका. मे २०१७मध्ये धुमाकूळ घालणाऱ्या ‘वॉनाक्राय’ मालवेअरवरचा उतारा मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता! विंडोजमधलेच डिफेंडर अँटिव्हायरस आणि फायरवॉल चालू असले, की घरच्या वापराला माझ्या मते तेवढं पुरतं.