विमान तयार, वैमानिक नाही

प्रश्न : डिसेंबर २०२५मध्ये इंडिगोची उड्डाणं धडाधड रद्द झाली. थोडे वैमानिक कमी पडले, तर एवढा गोंधळ कसा होतो? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : कारण वेळापत्रकात सवडच ठेवलेली नसते. एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करतं. सकाळची फेरी रखडली, की पुढच्या फेरीच्या वैमानिकाची ड्यूटीची मर्यादा संपते आणि प्रवासी बसलेले असले तरी त्याला उड्डाण करता येत नाही. बदली वैमानिक त्याच शहरात, विश्रांती झालेला आणि त्याच प्रकारच्या विमानासाठी पात्र असा लागतो. एटीआरचा वैमानिक एअरबसवर चालत नाही. विमान अडकलं, की पुढच्या शहरातले प्रवासीही अडकतात.

त्यातच नव्या नियमांनुसार वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती जुलैपासून ३६ऐवजी ४८ तास झाली होती आणि १ नोव्हेंबरपासून रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर उड्डाणं रद्द झाली. पण खापर नियमांवर फोडू नका. ते जानेवारी २०२४मध्येच जाहीर झाले होते. तयारी कमी पडली. पहाटे तीनला विमान उतरवणारा माणूस झोप झालेला असायलाच हवा.

जमेल तेव्हा सकाळची पहिली फेरी घ्या. दिवसभराचा उशीर तिच्यावर साचलेला नसतो.