कोरडे डोळे व थेंबांची बाटली

भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील अंबाडी व तिच्या आसपासच्या गांवांत डोळे चुरचुरण्याची तक्रार नवी नाहीं. वीटभट्टीचा धूर, रस्त्याची धूळ, चुलीची धग आणि यंत्रमागांवर उडणारे सुताचे तंतु हीं सर्व डोळ्यांस त्रास देतात. अशा वेळीं पुष्कळ जण दुकानांतून थेंबांची बाटली आणितात. ती उपकारक आहे; परंतु अजाणपणें वापरल्यास अपकारही करिते. म्हणून तिजविषयीं चार गोष्टी आम्ही येथें सांगतों.

१. थेंब काय करितात. आपल्या डोळ्यावर आसवांचा पातळ थर सदा असतो. त्यांत पाणी असतें, त्यास धरून ठेवणारा चिकट अंश असतो, आणि पाणी लवकर उडून जाऊं नये म्हणून पापण्यांच्या कडांतून येणारें तेल असतें. हा थर तुटला म्हणजे डोळा खुपतो व लाल होतो; कित्येकदां उलट त्यास पाणी सुटतें. कार्बॉक्सिमेथिलसेल्युलोजसारख्या द्रव्याचे थेंब ही उणीव कांहीं वेळ भरून काढितात. ते ओलावा देतात. मूळ कारण दूर करीत नाहींत.

२. ते कसे घालावे. प्रथम साबणानें हात धुवावे. मान मागें करून खालची पापणी हळूच ओढावी व तेथें एकच थेंब सोडावा. मग एक-दोन मिनिटें डोळा मिटून नाकाकडील कोपरा बोटानें दाबावा. दुसरें औषध घालावयाचें असल्यास पांच मिनिटें थांबावें. दिसणें स्वच्छ होईपर्यंत वाहन चालवूं नये. दिवसांतून चारपेक्षां अधिक वेळां थेंब लागूं लागले, तर संरक्षक द्रव्य नसलेले थेंब वैद्यास विचारून घ्यावे.

३. बाटली शुद्ध कशी राखावी. तिचें टोंक डोळ्यास किंवा बोटास लागूं देऊं नये. एकाची बाटली दुसऱ्यानें वापरूं नये. घरांत कोणाचे डोळे आले असतां तर मुळींच नाहीं. उघडल्याचा दिवस तिजवर लिहावा व महिन्यानें, औषध उरलें तरी, ती टाकून द्यावी. पत्रकांत याहून कमी मुदत दिली असेल तर तीच पाळावी.

एवढी काळजी कशाला, असें कोणी विचारील. सन २०२३ मध्यें अमेरिकेंत जंतूंची एक सांथ आली व तिचा संबंध चेन्नईजवळ तयार झालेल्या थेंबांशीं जोडला गेला. तेथें ८१ रोगी मोजण्यांत आले. त्यांपैकीं १४ जणांच्या दृष्टीस हानि पोंचली, ४ जणांचा डोळा काढावा लागला व ४ जण मरण पावले. त्याच वर्षीं नवी मुंबईच्या किलिच हेल्थकेअर कंपनीच्या कारखान्यांत अमेरिकन तपासनिसांस अस्वच्छता व जंतु आढळले, आणि नोव्हेंबरांत तिचे थेंब परत मागविण्यांत आले. कारखान्यांतील दोष आपल्या हातीं नाहीं. परंतु घरीं उघडलेल्या बाटलींत मळक्या बोटानें जंतु जाऊं न देणें हें आपल्या हातीं आहे. विकत घेतांना झांकण अखंड आहे कीं नाहीं व मुदत संपली कीं काय, हेंही पाहावें.

४. थेंबांवर केव्हां विसंबूं नये. भातकापणींत पातें किंवा लोंबी डोळ्यास लागली, डोळा ठणकूं लागला, दिसणें मंद झालें, उजेड सोसेनासा झाला, किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशीं नेत्रवैद्याकडे जावें. शेजाऱ्यास गुण आला म्हणून त्याचें औषध घालूं नये. स्टेरॉइड असलेल्या थेंबांनीं लाली झटकन् उतरते, म्हणून तीं फार गुणकारी वाटतात; परंतु बुरशीची जखम त्यांनीं पसरते, व ते दीर्घकाळ घातल्यास काचबिंदु व मोतीबिंदु होण्याचें भय असतें. मध, एरंडेल व अंगावरचें दूध हींही डोळ्यांत घालूं नयेत.

प्रश्न: (१) थेंब रोग बरा करितात कीं ओलावा देतात? (२) बाटलीवर दिवस कां लिहावा? (३) आपल्या गांवीं कापणींत कोणाच्या डोळ्यास पातें लागलें, तर त्यास तुम्ही प्रथम काय सांगाल?