जुन्या शिडाच्या नौकेवरील दिशादर्शक उपकरणांचे नूतनीकरण

नौकेचा सांगाडा आणि तिच्यावरील उपकरणे यांची आयुष्ये सारखी नसतात. १९६० च्या दशकात मुंबईत सागवानी लाकडात बांधलेली ‘सुहैली’ ही ३२ फुटी शिडाची नौका याचे उत्तम उदाहरण होय. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९ या काळात तिच्यातून एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. असा प्रवास करणारे ते जगातील पहिले नाविक ठरले. त्या प्रवासात नौकेचा रेडिओ प्रक्षेपक वाटेतच निकामी झाला आणि कित्येक महिने तिचा ठावठिकाणा जगाला कळला नाही. सागवानाने मात्र दगा दिला नाही.

१९७० नंतर काचतंतूच्या असंख्य शिडाच्या नौका जगभर बांधल्या गेल्या. त्यांपैकी अनेकींचे सांगाडे आजही भक्कम आहेत. परंतु त्यांवरील विद्युत उपकरणे दोन-तीन पिढ्या मागे पडली आहेत. अशी नौका विकत घेणारा किंवा वारशाने सांभाळणारा मालक बहुधा दुकानदाराच्या मूल्यपत्रकापासून आरंभ करतो. हा क्रम उलटा आहे. नवे काय घ्यावे हे ठरविण्यापूर्वी, जुन्यापैकी कशाला अजून अर्थ उरला आहे हे पाहणे अगत्याचे असते.

यंत्र चालू, पण संकेत बंद

दिशादर्शनाचे यंत्र स्वतः काहीच जाणत नाही. बाहेरून येणाऱ्या संकेतांवर ते अवलंबून असते. संकेत देणारी व्यवस्था बंद झाली की यंत्र कितीही सुस्थितीत असले तरी निरुपयोगी ठरते. ‘ट्रान्झिट’ या पहिल्या उपग्रह व्यवस्थेची दिशादर्शन सेवा १९९६ च्या अखेरीस थांबली. ‘ओमेगा’ सप्टेंबर १९९७ मध्ये आणि ब्रिटनमधील ‘डेक्का’ मार्च २००० मध्ये बंद झाली. अमेरिकेने ‘लोरान-सी’चे संकेत फेब्रुवारी २०१० मध्ये थांबविले. आपल्या पश्चिम किनाऱ्यासाठीही एके काळी ध्रांगध्रा, वेरावळ आणि बिलिमोरा येथून लोरानचे संकेत दिले जात. या व्यवस्थांचे ग्राहकसंच जुन्या नौकांवर अजूनही भिंतीला जडलेले आढळतात. ते काढून टाकावेत. जागा आणि तारा मोकळ्या होतात, हाच त्यांचा उरलेला उपयोग.

जीपीएसची गोष्ट थोडी निराळी आहे. या व्यवस्थेचे मूळ संकेत आठवडे मोजतात आणि १०२४ आठवडे झाले की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. असे ऑगस्ट १९९९ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०१९ मध्ये घडले. पुढील वेळ नोव्हेंबर २०३८ मध्ये येईल. त्यामुळे काही जुने संच आज सुमारे वीस वर्षांपूर्वीची तारीख दाखवितात, तर काहींना उपग्रहच सापडत नाहीत. पुष्कळदा स्थान बरोबर आणि तारीख चुकीची, असा प्रकार असतो. मालक म्हणतो, तारखेने काय बिघडते? भरती-ओहोटीचे गणित तारखेवरच चालते. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा ओलांडताना चुकीच्या दिवसाची भरती गृहीत धरणे म्हणजे नौका रुतविणे होय.

संकटसूचक यंत्र सर्वांत आधी

जुन्या नौकेवरील सर्वांत धोकादायक वस्तू कोणती, तर १२१.५ मेगाहर्ट्झ कंप्रतेवर चालणारे जुने संकटसूचक यंत्र. कॉस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय शोध व बचाव व्यवस्थेच्या उपग्रहांनी या कंप्रतेवरील हाक ऐकणे १ फेब्रुवारी २००९ पासून थांबविले आहे. यंत्राचा दिवा लागतो, चाचणीही यशस्वी होते, पण उपग्रह ते ऐकत नाही. खिशात फार पैसे नसतील तर प्रथम ४०६ मेगाहर्ट्झचे यंत्र घ्यावे आणि त्याची नोंदणी करावी. प्रत्येक यंत्राचा स्वतंत्र सांकेतिक क्रमांक असतो. नोंदणी असली तर संकेत मिळताच नौका कोणाची व किती मोठी हे बचाव केंद्राला कळते. नौका विकली गेल्यास नोंदणीही बदलावी लागते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

याचे महत्त्व २०१८ मध्ये दिसून आले. नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी हे ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ नौकेतून उतरले होते. ‘थुरिया’ ही ‘सुहैली’चीच प्रतिकृती. या शर्यतीत आधुनिक दिशादर्शक उपकरणे वर्ज्य असतात. सेक्स्टंट आणि कागदी नकाशे यांवरच भागवावे लागते. परंतु संकटसमयीची साधने मात्र नौकेवर ठेवावीच लागतात. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात नौकेच्या डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमी यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर त्यांचा शोध लागला आणि २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना वाचविले. नकाशायंत्राविना जग फिरता येते. हाक पोहोचविणाऱ्या यंत्राविना अशा प्रसंगी मनुष्य परत येत नाही.

मासेमारी नौकांसाठी याच दिशेने ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे राष्ट्रीय योजनेचा आरंभ झाला. १३ किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख यांत्रिक नौकांवर इस्रोने विकसित केलेले, दुतर्फा संदेश पाठविता येणारे ट्रान्सपाँडर बसविण्याची ही सुमारे ३६० कोटी रुपयांची योजना आहे. किनारी पंचायतींच्या सदस्यांनी आपल्या गावातील तांडेलांशी या विषयावर अवश्य बोलावे.

विजेचा हिशेब

नूतनीकरणातील खरे कष्टाचे काम तारांचे असते आणि तेच टाळले जाते. खाऱ्या हवेत साध्या तांब्याची तार आतून काळी पडते. वरून आवरण चांगले दिसते. कापून पाहिल्यावर काळेपणा उघड होतो. म्हणून कथिलाचा मुलामा दिलेली तारच वापरावी.

तारेची जाडी किती असावी, याचे गणित आठवी-नववीच्या विद्यार्थ्यालाही करता येईल. समजा, बॅटरीपासून १० मीटर अंतरावर ३ अँपिअर प्रवाह घेणारे रडार आहे. प्रवाह जातो व परततो, म्हणून तारेची लांबी २० मीटर धरावी. दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१२ ओहम असतो; म्हणजे २० मीटरला ०.२४ ओहम. ३ अँपिअरने गुणिले की ०.७२ व्होल्टची घट येते. १२ व्होल्टच्या यंत्रणेत ही घट ६ टक्के झाली. दिशादर्शक उपकरणांसाठी ३ टक्क्यांहून अधिक घट योग्य मानली जात नाही. ४ चौरस मिलिमीटरची तार घेतल्यास हीच घट ०.२७ व्होल्टवर येते. बॅटरी थोडी उतरल्यावर नवे यंत्र वारंवार बंद पडू लागते आणि दोष यंत्राला दिला जातो, तेव्हा कारण बहुधा येथे असते.

दुसरा हिशेब दिवसभराच्या खर्चाचा. एक अँपिअर घेणारा नकाशापट चोवीस तासांत २४ अँपिअर-तास खर्च करतो. शंभर अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीतून निम्म्याहून अधिक वीज काढू नये, असा दंडक आहे. म्हणजे एका नकाशापटानेच निम्मी शिल्लक संपली. याला उपाय डोलकाठीवर असतो. २५ वॅटचा जुना दिवा रात्रभरात वीसहून अधिक अँपिअर-तास खातो; एलईडी दिवा तीनांत भागवितो. दिवा बदलला की नकाशापटाची वीज जवळजवळ फुकट मिळते. फक्त दिवा हलक्या दर्जाचा नसावा. तशा दिव्यांमुळे रेडिओत खरखर येते आणि दूरचे बोलणे ऐकू येत नाही.

यंत्रांची परस्पर भाषा

१९८३ मध्ये ठरलेल्या ‘एनएमईए ०१८३’ या पद्धतीत एक यंत्र बोलते आणि इतर ऐकतात. पुढे आलेल्या ‘एनएमईए २०००’ मध्ये सर्व यंत्रे एकाच मुख्य तारेवर आपापल्या पाळीने बोलतात. जुने वातदर्शक किंवा वेगमापक चांगले चालत असेल तर केवळ भाषा जुनी म्हणून ते फेकू नये. मध्ये दुभाषी यंत्र बसविता येते. नव्या मुख्य तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोधक लागतो. वीज बंद करून मोजले असता ६० ओहम भरले तर तार नीट आहे. १२० भरल्यास एक रोधक निसटला आहे, असे समजावे.

खोलीमापकाचा ध्वनिग्राहक नौकेच्या तळाला छिद्र पाडून बसविलेला असतो. तो बदलावयाचा तर नौका पाण्याबाहेर काढावी लागते. म्हणून हे काम तळाच्या रंगकामाबरोबर उरकावे. जहाजांची ओळख पटविणारे एआयएस यंत्र आता लहान नौकेलाही परवडते. रात्री मोठ्या मालवाहू जहाजांच्या वाटेवरून जाताना त्याचे मोल कळते. मात्र एआयएस न बसविलेली लहान होडी त्यावर दिसणार नाही, हे विसरू नये.

पटलावरील नकाशा आणि डोळ्यांपुढील समुद्र

२९ नोव्हेंबर २०१४ रोजी व्होल्वो महासागर शर्यतीतील ‘टीम व्हेस्टास विंड’ ही अत्याधुनिक नौका मॉरिशसच्या ईशान्येस कारगाडोस काराजोस या प्रवाळबेटांवर आदळली. नऊही जण सुदैवाने वाचले. नौकेवरील संगणकीय नकाशात ती प्रवाळभिंत होती. परंतु ज्या लहान प्रमाणावर नकाशा पाहिला गेला, त्यावर ती स्पष्ट दिसली नाही. कागदी नकाशावर असा पडदा नसतो. शिवाय अलीकडच्या वर्षांत लाल समुद्र, बाल्टिक इत्यादी भागांत उपग्रहसंकेतांत मुद्दाम अडथळे आणले गेल्याच्या घटना वाढल्या आहेत. अशा वेळी पटलावरील नौका कधी कधी जमिनीवरही चाललेली दिसते.

म्हणून नवे यंत्र बसविताना जुने चुंबकीय होकायंत्र हलवू नये आणि त्याच्या जवळ ध्वनिवर्धक किंवा विद्युततारा नेऊ नयेत. काम संपल्यावर नौका संथ पाण्यात सर्व दिशांना वळवून होकायंत्राचा विचलनतक्ता नव्याने करावा. जुना तक्ता आता लागू पडत नाही. हा तक्ता सुकाणूजवळ चिकटवावा आणि प्रवासात दर तासाला स्थान, दिशा व वेग पेन्सिलीने वहीत टिपावे. पटल विझले तर शेवटच्या नोंदीपासून पुढची वाट काढता येते.