समाजमाध्यमांवरील अफवा : संशोधन आणि मतभेद

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा हे आदिवासी वस्तीचे लहानसे गाव. दिनांक १ जुलै २०१८ रोजी, रविवारच्या आठवडे बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागण्यासाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळविणारी टोळी समजून जमावाने तेथे ठार मारले. ज्या खोलीत हा प्रकार घडला ती ग्रामपंचायत कार्यालयाची होती. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून पोट भरले, त्या समाजाची माणसे एका गावाला अचानक परकी वाटली, ती का, हा प्रश्न तेव्हापासून प्रशासनापुढे व अभ्यासकांपुढे उभा आहे.

त्यापूर्वी काही आठवडे महाराष्ट्रासह अनेक राज्यांत भ्रमणध्वनीवरून एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे जण रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांपैकी एकाला उचलून नेतात, असे तीत दिसे. वस्तुतः ती पाकिस्तानातील कराची येथे मुलांच्या सुरक्षिततेविषयी लोकजागृती करण्यासाठी तयार केलेली फीत होती. मूळ फितीत उचललेले मूल लगेच परत आणून सोडले जाते आणि मुलांवर लक्ष ठेवण्याचा संदेश देणारा फलक दाखविला जातो. हा शेवटचा भाग कोणी तरी कापून टाकला. सीरियात २०१३ साली विषारी वायूच्या हल्ल्यात मृत्यू पावलेल्या बालकांची छायाचित्रेही याच काळात 'अवयव काढून घेतलेली मुले' म्हणून पाठविली जात होती. म्हणजे चित्रे खरी होती. खोटा होता तो त्यांना जोडलेला मजकूर. त्या वर्षी अशा अफवांमुळे देशात वीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. राईनपाड्याच्या घटनेच्या दिवशीच मालेगाव येथेही अशाच संशयावरून पाच जणांना जमावाने घेरले होते. त्यांत दोन वर्षांचे एक मूल होते. तेथे मात्र पोलिसांनी त्या सर्वांस सुखरूप बाहेर काढले.

जुनीच भीती, नवे वाहन

अफवा हे भ्रमणध्वनीचे अपत्य आहे, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली तेव्हा, २९ ऑक्टोबर १८९६ रोजी, सुमारे एक हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. रुग्णालयात नेलेल्या माणसांना मारून त्यांच्या देहातून मोमियाई काढली जाते, अशा कंड्या त्या काळात शहरात पिकल्या होत्या. मोमियाईच्या जागी मूत्रपिंड आले, एवढाच काय तो सव्वाशे वर्षांतला फरक. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीच्या मूर्ती दूध पितात ही वार्ता दूरध्वनीच्या बळावर एका दिवसात देशभर आणि परदेशांतील भारतीयांपर्यंत पोहोचली, हेही अनेकांना आठवत असेल.

अफवांच्या शास्त्रीय अभ्यासात भारताचा वाटा मोठा आहे, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानात नसते. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर जमुना प्रसाद या भारतीय मानसशास्त्रज्ञाने लोकांत पसरलेल्या अफवा गोळा करून १९३५ मध्ये त्यांचे विवेचन प्रसिद्ध केले. ज्या भागात धक्के जाणवले पण प्रत्यक्ष हानी झाली नाही, तेथेच याहून भयंकर अरिष्टे येणार असल्याच्या वार्ता पसरत होत्या. पुढे दुर्गानंद सिन्हा यांनी दार्जिलिंगच्या दरडी कोसळण्याच्या आपत्तीचा अभ्यास केला. जेथे लोकांनी डोळ्यांदेखत विध्वंस पाहिला होता, तेथे तशा भयसूचक अफवा आढळल्या नाहीत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये आपला प्रसिद्ध सिद्धान्त मांडताना या निरीक्षणांचा आधार घेतला. त्यांच्या मते घाबरलेल्या माणसाला आपल्या भीतीला साजेसे कारण हवे असते आणि ते दिसत नसेल तर अफवा ते पुरवते. अफवा भीती निर्माण करते, हे आपण नेहमी म्हणतो. भीतीच अफवेला जन्म देते, ही या विचाराची दुसरी बाजू गावपातळीवर काम करणाऱ्यांना अधिक उपयोगी पडेल अशी आहे.

गॉर्डन ऑलपोर्ट व लिओ पोस्टमन यांनी १९४७ मध्ये याच विषयावर ग्रंथ लिहिला. विषय लोकांना जितका महत्त्वाचा आणि त्याविषयीची माहिती जितकी संदिग्ध, तितकी अफवा बलवान, असे त्यांनी सांगितले. आपल्या मुलांच्या जिवाहून महत्त्वाचे आई-बापांना दुसरे काय असणार? संदिग्धता मात्र कमी करता येते. ते काम तलाठी, शिक्षक, पोलीस पाटील आणि सरपंच यांच्या आवाक्यातील आहे, परंतु वार्ता पसरल्यावर नव्हे, तर त्याआधी.

वेगाचे मोजमाप

समाजमाध्यमांवरील असत्य किती वेगाने पसरते, याचे गाजलेले मोजमाप सोरूश वोसोगी, देब रॉय व सिनान अराल यांनी २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. ट्विटर या माध्यमावर २००६ ते २०१७ या काळात सुमारे तीस लक्ष लोकांनी पसरविलेल्या जवळजवळ १ लक्ष २६ हजार वार्तांची त्यांनी तपासणी केली. खरी वार्ता दीड हजार लोकांपर्यंत पोहोचण्यास असत्य वार्तेच्या सहापट वेळ लागला. याचे खापर स्वयंचलित यंत्रखात्यांवर फोडण्याची सोय मात्र संशोधकांनी ठेवली नाही. ती खाती खरे आणि खोटे सारख्याच प्रमाणात पसरवीत होती. फरक पडत होता तो माणसांमुळे. असत्य वार्तेत नावीन्य अधिक असते व ते माणसाला मोहविते, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे.

या आकड्यांकडे पाहताना एक मर्यादा ध्यानी घ्यावी लागते. ट्विटरवरचे संदेश कोणालाही पाहता येत असल्यामुळे अभ्यास तेथे झाला; खेड्यातील माणूस वापरतो ते व्हॉट्सअ‍ॅप. त्यातील संदेश २०१६ पासून कूटबद्ध स्वरूपात जातात. पाठविणारा व घेणारा यांच्यावाचून कोणासही ते वाचता येत नाहीत. तेव्हा जेथे धोका अधिक, तेथेच मोजमाप कठीण अशी ही स्थिती आहे. तरीही किरण गरिमेला व डीन एकल्स यांनी भारतातील राजकीय व्हॉट्सअ‍ॅप गटांत येणारी चित्रे पत्रकारांकडून तपासून घेतली. त्यांतील सुमारे १३ टक्के चित्रे दिशाभूल करणारी निघाली व त्यांत जुनी, दुसऱ्याच प्रसंगाची छायाचित्रे हा एक मोठा प्रकार होता. चित्रात कलाकुसरीने फेरफार करण्याचे कष्टही पुष्कळदा घ्यावे लागत नाहीत, हे कराचीच्या फितीवरूनही दिसून येते.

जुलै २०१८ नंतर व्हॉट्सअ‍ॅप कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल, अशी मर्यादा घातली आणि पुढे पाठविलेल्या संदेशांवर तशी खूण येऊ लागली. एप्रिल २०२० मध्ये, अनेकवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल, असे बंधन आले. त्यामुळे अशा संदेशांचे प्रमाण ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. भारत, ब्राझील व इंडोनेशिया येथील सार्वजनिक गटांच्या अभ्यासातून मात्र असे दिसले, की मर्यादेमुळे संदेश पोहोचण्यास उशीर होतो, पण फार लोकप्रिय संदेश त्याने अडत नाही. अर्थात राईनपाड्यासारख्या प्रसंगी काही तासांचा उशीरही लहानसहान गोष्ट नव्हे.

मतभेद कोठे आहेत?

असत्याच्या प्रसाराबद्दल अभ्यासकांत एकवाक्यता आहे, असे नाही. अमेरिकेतील २०१६ च्या निवडणुकीतील ट्विटर वापराच्या एका अभ्यासात, खोट्या बातम्या देणाऱ्या संकेतस्थळांचा ८० टक्के प्रसार अवघ्या ०.१ टक्के लोकांनी केल्याचे आढळले. बहुसंख्य लोकांपर्यंत तो मजकूर फारसा पोहोचतच नव्हता. याच धर्तीवर २०२४ मध्ये 'नेचर' नियतकालिकात काही नामवंत संशोधकांनी असे प्रतिपादन केले, की सर्वसामान्य वापरकर्ता असत्यात बुडून गेला आहे हे चित्र अतिरंजित असून खरा धोका त्याचा शोध घेणाऱ्या लहानशा गटांपुरता आहे. पाश्चात्त्य देशांबाहेरील परिस्थितीची माहिती फार तोकडी आहे, हेही त्यांनी नमूद केले आहे आणि आपल्या दृष्टीने तोच भाग महत्त्वाचा. वृत्तपत्र, पोलीस ठाणे आणि दवाखाना हाकेच्या अंतरावर असलेल्या समाजाचे निष्कर्ष, ज्या पाड्यावर पहिली बातमी भ्रमणध्वनीवरूनच येते तेथे जसेच्या तसे लागू करणे धाडसाचे होईल.

दुसरा वाद खुलाशांविषयीचा. ब्रेंडन नायहान व जेसन रायफ्लर यांनी २०१० मध्ये दाखविले, की राजकीय विषयातील चूक दुरुस्त केल्यावर काही लोकांची चुकीवरील श्रद्धा उलट वाढते. या निष्कर्षाने अनेक माहिती अधिकाऱ्यांचा धीर खचला असेल. परंतु थॉमस वुड व ईथन पोर्टर यांनी दहा हजारांहून अधिक लोकांवर ५२ विषयांत चाचण्या घेतल्या, तेव्हा असा उलटा परिणाम जवळजवळ आढळला नाही. खुलासा केल्याने नुकसान होईल, ही भीती बाळगून गप्प बसण्याचे कारण नाही, इतके तरी त्यातून निश्चित होते.

कायद्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरविले. केंद्र शासनाच्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा आहे किंवा नाही हे ठरविणारा शासकीय तथ्यतपासणी कक्ष स्थापण्याची २०२३ च्या नियमांतील तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. तत्पूर्वी त्याच वर्षी जानेवारीत दोन न्यायमूर्तींत मतभेद झाल्याने प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे गेले होते. यावरून विषय किती गुंतागुंतीचा आहे, याची कल्पना येते. घबराट पसरविणारे खोटे विधान करणाऱ्यावर १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली कारवाई करता येते, तर आपत्तीच्या वेळी खोटी धोक्याची सूचना देणाऱ्यासाठी आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाचे कलम ५४ आहे. जमावाच्या हिंसेसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांच्या दर्जाहून कमी नसलेला समन्वय अधिकारी नेमावयाचा आहे. ग्रामपंचायत सदस्यांना या अधिकाऱ्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक ठाऊक असणे इष्ट होय.

बिहारमधील दोन प्रयोग

शिक्षणाने माणूस सावध होतो का, या प्रश्नाची उत्तरे बिहारमधून आली आणि ती परस्परांशी जुळत नाहीत. सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी घरोघर जाऊन प्रौढांना खरे-खोटे पारखण्याचा सुमारे तासाभराचा पाठ दिला. सरासरीने त्याचा काही परिणाम झाला नाही. काही पक्षनिष्ठ व्यक्ती तर आपल्या मताला अनुकूल असलेल्या खोट्या वार्ता ओळखण्यात पूर्वीपेक्षा मागे पडल्या. उत्तर भारतातील ग्रामीण भागात सूचनापत्रकाच्या पद्धतीने झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासातही परिणाम आढळला नव्हता. शहरी सुशिक्षितांत मात्र तो दिसला होता.

पुढे त्याच संशोधिकेने सहकाऱ्यांसमवेत मार्ग बदलला. राज्य शासनाच्या साहाय्याने गावोगावच्या ग्रंथालयांत आठवी ते बारावीच्या तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा समावेश असलेला प्रयोग झाला. विद्यार्थ्यांना एकाच दिवशी उपदेश न करता वर्गाच्या रूपाने, अनेक बैठकांत, मुख्यतः आरोग्यविषयक वार्तांची पारख शिकविण्यात आली. चार महिन्यांनी पुन्हा तपासले असता परिणाम टिकून होता. इतकेच नव्हे, तर न शिकविलेल्या राजकीय वार्तांच्या बाबतीतही ही मुले अधिक चोखंदळ झाली होती. घरी पाहणी केली तेव्हा त्यांच्या आई-वडिलांचीही खरे-खोटे ओळखण्याची क्षमता वाढलेली आढळली. या प्रौढांना कोणीही शिकविण्यास गेले नव्हते.