गोष्टीतील बाह्य व आंतरिक संघर्ष

गोष्टीचा पाठ संपताच ‘या गोष्टीचे तात्पर्य काय?’ असे विचारण्याचा प्रघात जुना आहे. मुले ठरीव उत्तर देतात आणि गोष्ट तेथेच संपते. वस्तुतः गोष्टीचा प्राण तिच्यातील संघर्षात असतो. पात्राची वाट अडविणारे काही बाहेर असेल, तर तो बाह्य संघर्ष होय. एक मन ‘हो’ म्हणते आणि दुसरे ‘नको’ म्हणते, तेव्हा तो आंतरिक संघर्ष होय. सहावी-सातवीच्या मुलांकडून या व्याख्या पाठ करून घेऊ नयेत. गोष्टीतूनच हा भेद त्यांच्या ध्यानी यावा.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’ या पुस्तकातील पोहण्याची गोष्ट यासाठी घ्यावी. श्यामला पाण्याचे भय वाटते. मुले विहिरीवर पोहावयास जातात, तेव्हा तो घरात लपून बसतो. आई शिंपटी मारून त्याला बाहेर काढते. अखेर तो पाण्यात उतरतो. घरी आल्यावर त्याच्या अंगावरचे वळ पाहून आईचे डोळे भरून येतात.

गोष्ट सांगून झाल्यावर शिक्षकाने फळ्यावर ‘बाहेर’ आणि ‘मनात’ असे दोन रकाने आखावेत. विहीर, पोहणारी मुले, आईची शिंपटी ही पहिल्या रकान्यात येतील. बुडण्याचे भय आणि भित्रा ठरण्याची लाज ही दुसऱ्या रकान्यात येतील. नंतर विचारावे, ‘विहीर तर सर्वांना सारखीच होती, मग श्यामलाच ती एवढी भयंकर का वाटली?’ बाहेरच्या अडथळ्याला मनातले भय मोठे करते, हे उत्तर मुलांकडूनच येऊ द्यावे. त्यानंतर आईसाठीही तसेच रकाने भरवून घ्यावेत. मुलाविषयीची माया आणि तो भित्रा राहू नये ही तळमळ यांची तिच्या मनातील ओढाताण मुलांना लवकर उमगते.

येथे एखादे मूल विचारील, ‘मग मारणे योग्यच ना?’ हा प्रश्न टाळू नये. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ अन्वये शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई आहे. शिंपटी हे या गोष्टीचे तात्पर्य नव्हे. मारल्यावर आईला रडू का आले, हाच विचार वर्गापुढे ठेवावा.

शेवटी प्रत्येकाने आपल्या एखाद्या भयाविषयी चार ओळी लिहाव्यात. त्या वर्गात मोठ्याने वाचून दाखवू नयेत; शिक्षकाने एकट्यानेच वाचाव्यात. कोणास पाण्याचे, कोणास गणिताचे, तर कोणास खुद्द शिक्षकाचेच भय असेल. ते कळले, तर दुसऱ्या दिवशी त्या मुलाशी कसे बोलावे, हेही शिक्षकास कळेल.