श्रेय, पगार आणि शाबासकी

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटी विभागात होते. खराब माल बाहेर गेला की केबिनमधले, लाइनवरचे, ग्राहकाकडचे असे सगळे येऊन उभे राहतात. माल नीट गेला की कुणी फिरकत नाही. ज्यांचं कामच काही बिघडू न देणं हे असतं, त्या सगळ्यांची हीच गत. मेंटेनन्स, स्टोअर्स, पगारपत्रक करणारे, हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासणाऱ्या माझ्या मैत्रिणी, कुणालाही विचारा. न झालेल्या नुकसानीचा फोटो निघत नाही.

आमच्याकडे अॅल्युमिनियमचं एक हाउसिंग लीक टेस्टला नापास होऊ लागलं. ग्राहकाची तक्रार आली, माल निवडून वेगळा करायला जादा माणसं लावावी लागली. सगळ्यांचा संशय कास्टिंगवर होता. दुसऱ्या पाळीतले एक ऑपरेटर मात्र मला म्हणाले, “मॅडम, पार्ट लावताना कधीकधी नीट टेकतच नाही.” त्यांच्यासोबत मशीनपाशी थांबून पाहिलं, तेव्हा फिक्स्चरच्या पॅडवर बारीक चुरा अडकताना दिसला. पार्ट केसभर तिरका बसायचा आणि सीलिंगची बाजू तशीच तिरकी कापली जायची. पॅड साफ करायला हवेचा झोत आणि पार्ट टेकला की नाही हे कळायला सेन्सर बसवला. तक्रार थांबली.

ग्राहकासमोरच्या सादरीकरणात विभागप्रमुखांनी ही गोष्ट फार छान सांगितली. पडद्यावर ‘टीम एफर्ट’ एवढंच होतं. माझं नाव नव्हतं, ऑपरेटरदादांचंही नव्हतं. मार्चअखेर अप्रेजल झालं, तेव्हा माझ्यापुढे शेरा होता, ‘अपेक्षेनुसार काम’.

असा घाव बसला की माणसं दोनपैकी एक करतात. काही जण चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगत सुटतात. ज्याच्या हातात काही आहे तो सोडून बाकी सगळ्या गावाला कळतं, आणि वर ‘कुरकुरी’ असं नाव पडतं. काही जण मनात धरून बसतात आणि एक दिवस राजीनामा टाकतात. आमच्याच विभागातल्या एका हुशार सहकाऱ्याने तसं केलं. नोटीस पिरियडभर तो धुमसत राहिला, भोसरीत दुसरीकडे लागला, आणि वर्षभरात तिथलीही तीच कहाणी आमच्या कानावर आली. त्याचं दुःख खरं होतं. पण नेमकं काय मिळालं नाही हे त्याने ना जुन्या साहेबांना सांगितलं, ना नव्या.

मी आधी कागद घेऊन बसले आणि माझी तक्रार सुटी सुटी मांडली. त्यात तीन वेगळ्या गोष्टी निघाल्या. काम मी केलं हे नोंदीत यावं, हे श्रेय. त्या कामाचा मोबदला वाढावा, हा पगार. आणि कुणीतरी तोंडाने बरं म्हणावं, ही शाबासकी. तिन्हींची दारं वेगळी आहेत. एका दाराशी उभं राहून तिन्ही मागितल्या की बहुधा एकही मिळत नाही.

शाबासकीचं आधी उरकते. आपल्या पुण्यात ‘वाईट नाही’ हीच मोठी पावती असते, आणि बऱ्याच साहेबांना दाद देताच येत नाही. ती सहकाऱ्यांकडून मिळते, आपण दिली तर जास्त मिळते. तिच्यासाठी नोकरी सोडू नये.

पगाराच्या बाबतीत वेळेला फार महत्त्व आहे. अप्रेजलची बैठक ही निर्णय ऐकवण्याची बैठक असते, घेण्याची नाही. ज्या कंपन्यांत बेल कर्व्ह लावतात, तिथे वरच्या श्रेणीच्या जागा मोजक्या असतात आणि त्यांची वाटणी वरिष्ठांमध्ये आधीच झालेली असते. मला मार्चमध्ये उत्तर मिळालं, “आता काही बदलता येणार नाही,” आणि ते खरंच होतं. एप्रिलला पगारवाढ होत असेल, तर दिवाळी संपता संपता साहेबांची वेळ मागा. “या वर्षी माझ्याकडून काय झालं तर वरची श्रेणी मिळेल?” हा प्रश्न तेव्हा विचारा आणि झालेलं बोलणं दोन ओळींच्या मेलने पक्कं करा. आकडेही तेव्हाच द्या. रिजेक्शन किती होतं, किती झालं, रिवर्कचे किती तास वाचले. ‘मी खूप राबले’ याला पगारवाढीच्या तक्त्यात रकाना नसतो.

उरलं श्रेय. ते काम चालू असतानाच कागदावर चढवावं लागतं. वाहन उद्योगात ‘एट-डी’ नावाची पद्धत आहे. फोर्ड कंपनीने 1987 मध्ये ती पुस्तिकेच्या रूपात आणली आणि आज चाकणचा लहानसा पुरवठादारही ग्राहकाच्या तक्रारीला याच नमुन्यात उत्तर देतो. तिच्या पहिल्या पायरीवर टीममधल्या माणसांची नावं लिहायची असतात आणि शेवटच्या, आठव्या पायरीवर त्या टीमच्या कामाची दखल घ्यायची असते. म्हणजे दाद देणं हा काम पूर्ण होण्याचाच भाग मानला आहे. आमच्याकडे तो शेवटचा रकाना ‘डन’ लिहून भरला जाई. पण पहिल्या रकान्यात मी ऑपरेटरदादांचं आणि माझं नाव लिहिलेलं होतं. मी तोच कागद घेऊन विभागप्रमुखांकडे गेले. “सर, पगाराचं नंतर बोलू. ग्राहकाकडे जाणाऱ्या अंतिम अहवालात ही दोन नावं राहू द्या,” एवढंच मागितलं. ती राहिली. पुढे लाइन लीडरच्या जागेसाठी मुलाखत झाली, तेव्हा ऑपरेटरदादांनी तोच कागद दाखवला आणि ती जागा त्यांना मिळाली. माझी श्रेणी त्या वर्षी बदलली नाही. पुढच्या नव्या प्रकल्पावर मात्र मला नावाने मागून घेतलं.

कायदाही श्रेय आणि मालकी वेगळी धरतो. पेटंट कंपनीच्या मालकीचं असलं, तरी 1970 च्या पेटंट कायद्याच्या 28 व्या कलमानुसार संशोधक म्हणून आपल्या नावाची नोंद मागता येते. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात नोकरीत लिहिलेल्या मजकुराची मालकी, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जाते. पण लेखक आपण आहोत हे सांगण्याचा हक्क 57 वं कलम लेखकाकडेच ठेवतं.

पद हातात नसताना काम आपल्या नावावर ठेवण्याचं पुण्याच्या ओळखीचं एक जुनं उदाहरण आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतच्या प्राध्यापकाचं काम हंगामी म्हणून करत होते. 1870 च्या दशकाच्या सुरुवातीला कायम जागेवर विलायतेहून पीटर पीटरसन आले आणि भांडारकर त्यांच्या हाताखाली साहाय्यक राहिले. पद सरकारच्या हाती होतं. लिहिणं भांडारकरांच्या हाती होतं. 1874 च्या लंडनच्या प्राच्यविद्या परिषदेसाठी त्यांनी नाशिकच्या लेण्यांतल्या शिलालेखांवरचा निबंध पाठवला, 1877 मध्ये विल्सन व्याख्यानं दिली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातलं प्राध्यापकपद त्यानंतर आलं, 1885 मध्ये ग्योटिंगेन विद्यापीठाने डॉक्टरेट दिली, 1893 मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. 6 जुलै 1917 रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, पुण्यात त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली. विद्वत्तेने अन्याय धुऊन निघतो, असा याचा अर्थ नाही. हंगामी जागेवर राबवून घेतलं, तो अन्यायच होता. पण त्यांचं काम त्यांच्याच नावावर, सरकारी शिक्षण खात्याच्या बाहेरही लोकांसमोर होतं, म्हणून खात्याचं मत हे शेवटचं मत ठरलं नाही.

आपल्यापैकी कुणी भांडारकर नसलं, तरी पद्धत उचलता येते. केलेल्या कामाची दर महिन्याला एका पानावर नोंद ठेवा. कंपनीची गोपनीय माहिती मात्र त्यात नको. विभागाबाहेरच्या चार माणसांना आपलं काम ठाऊक असू द्या. आणि स्पष्ट शब्दांत, योग्य वेळी, दोनदा मागूनही नाव पुसलंच जात असेल, तर निघा. पण निघताना पुढची नोकरी हातात असू द्या, बोनस कधी जमा होतो ते पाहा, आणि नव्या ठिकाणी मुलाखतीतच विचारा, “इथे अहवालावर कुणाची नावं असतात?”

हे सगळं वरच्यांकडून मागायचं झालं. खालच्यांना द्यायचं ते आजपासून आपल्याच हातात आहे. पुढच्या अहवालातला पहिला रकाना भरताना पाळीतल्या माणसाचं नाव आधी लिहा, स्पेलिंग त्यालाच विचारून. त्यासाठी प्लँट हेडची सही लागत नाही.